लसीकरणाच्या दिवशी बाळ आवरत नाही? दर खेपेच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना, दीड वर्ष आणि पाच वर्षं. या तारखा घरोघरी पाठ असतात आणि तक्रारीही ठरलेल्या असतात. मूल सुई दिसण्याआधीच किंचाळतं, दोन माणसांनाही धरवत नाही, घरी आल्यावर मांडी सुजते, रात्री ताप चढतो. मग पुढची तारीख जवळ आली की आईच्याच पोटात गोळा येतो.

सुई टोचल्यावर दुखणार, ते कुणालाच टाळता येत नाही. पण केंद्रावर जो आकांत होतो त्यातला बराचसा भाग सुईचा नसतो. भूक, मोडलेली झोप, थंडगार टेबल, करकचून धरलेले पाय आणि भोवतीच्या मोठ्यांची घाई यांचा तो असतो. तेवढा भाग आपल्या हातात आहे. म्हणून आधी त्याबद्दल, नंतर ताप आणि सुजेबद्दल.

“अडीच महिन्यांना शहाण्यासारखा राहिला, साडेतीनला मात्र आकाशपाताळ एक केलं”

इथे बाळ बिघडलेलं नाही, टोचण्यांची संख्या वाढलेली आहे. सरकारी वेळापत्रकात दीड महिन्याला तीन सुया असतात: पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांची एकत्र लस (पेंटा), डाव्या मांडीत, न्यूमोनियाच्या न्यूमोकोकल जंतूवरची पीसीव्ही उजव्या मांडीत आणि पोलिओची एफ-आयपीव्ही उजव्या दंडावर कातडीत. सोबत पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबाच्या रोटा विषाणूवरचा डोस तोंडाने. अडीच महिन्यांना सुई फक्त एक, पेंटाची. साडेतीनला पुन्हा तीन. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची उजव्या दंडात, एफ-आयपीव्हीची तिसरी डाव्या दंडावर आणि पीसीव्हीचा बूस्टर मांडीत, शिवाय ‘अ’ जीवनसत्त्वाचा 1 मिली डोस. दीड वर्षाला गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. पाच वर्षांना दंडात एकच डीपीटी. काही जिल्ह्यांत नवव्या महिन्याला आणि दीड वर्षाला जपानी मेंदूज्वराचीही लस असते.

हे आधी माहीत असलं की त्या दिवशी कपडे कुठले घालायचे, सोबत कोण हवं आणि अंगावर पाजायचं कुठल्या बाजूला, हे सगळं घरूनच ठरवून निघता येतं. तीन सुयांच्या दिवशी आईसोबत आणखी एक माणूस हवंच. अडीच महिन्यांना एकटीनेही निभतं.

“सुई दिसायच्या आधीच रडायला लागतं”

पहिलं कारण कपडे. पायांपासून गळ्यापर्यंत चेन असलेला एकसंध अंगरखा, त्याखाली घट्ट लेगिंग, वर स्वेटर. बाळाची पाळी आल्यावर हे सगळं गर्दीत सोलून काढायचं आणि सिस्टर हातात सिरिंज घेऊन वाट बघत उभी. बाळ तिथेच पेटतं. त्या दिवशी पुढून बांधायचं बिनबाह्यांचं किंवा सैल बाह्यांचं झबलं आणि लंगोट पुरे, वरून दुपट्यात गुंडाळा. मांडी मधोमध उघडी पडली पाहिजे आणि बाही खांद्यापर्यंत सहज वर सरकली पाहिजे. थंडीत गरम कपडे दुपट्याच्या वरून असावेत, आतून नकोत.

दुसरं कारण वेळ. सत्र दहाला म्हणून नऊला पाजून निघायचं, तिथे तासभर रांग, आणि पाळी येते तेव्हा बाळ भुकेलं आणि झोपेला आलेलं. घरून पोटभर पाजून निघण्यापेक्षा थोडं पाजून निघा आणि खरं पाजणं पाळीसाठी राखून ठेवा. आशाताईंना आदल्या दिवशी विचारलं तर गर्दी कधी कमी असते ते त्या नेमकं सांगतात.

तिसरं कारण टेबल. उघड्या अंगाने बाळाला पाठीवर टाकलं की ते दचकतं आणि हातपाय ताणतं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला टेबलावर आडवं पाडून सुई देण्याचं काही कारण नाही, ते मोठ्यांच्या मांडीवरच असावं. त्याहून मोठं मूल बसलेलं असावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणातल्या वेदनेबद्दल जी भूमिका मांडली, तिच्यातही हेच आहे. केंद्रात टेबलाकडे बोट दाखवलं तर “मी मांडीवर धरते, पाय घट्ट सांभाळते” एवढं सांगितलं की बहुतेक सिस्टर मान्य करतात. त्यांना भीती फक्त पाय उडण्याची असते.

धरायचं कसं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साधारण दृश्य असं असतं: आईने बाळ छातीशी धरलेलं, आजीने घोटा मुठीत आवळलेला, पाय सरळ ताणलेला. घोटा आवळला की बाळ पाय ओढून घ्यायला बघतं आणि मांडीचा स्नायू दगडासारखा होतो. ताणलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. त्यात पाय झटकला गेला तर सुई हलते, म्हणजे दुखणं आणखी वाढतं.

पाय धरायचा तो गुडघ्याच्या जरा वर, तळहाताने, गुडघा किंचित वाकलेला ठेवून. बोटांनी दाबायचं नाही, पंजाचं वजन ठेवायचं. पाय हलू नये एवढाच जोर. मांडी हाताला मऊ लागली की धरणं बरोबर जमलं.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ पाजायला घेतो तसं आडवं. बाळाचा आतला हात आईच्या काखेखालून पाठीमागे, बाहेरचा हात आईच्या हातात.

नऊ महिने ते साधारण चार वर्षांच्या मुलासाठी पोटाशी पोट. आई खुर्चीवर टेकून बसते, मूल तिच्याकडे तोंड करून मांडीवर, पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. आईचे दोन्ही हात मुलाच्या हातांवरून मिठीसारखे. मांडीची बाहेरची बाजू सिस्टरला मोकळी मिळते आणि मुलाचं तोंड तिच्याकडे नसतं. दंडात सुई असेल तेव्हा तेवढाच एक हात मिठीबाहेर, कोपराच्या वर हलका धरलेला. मूल लाथा मारणारं असेल तर त्याला आडवं मांडीवर बसवून त्याचे दोन्ही पाय आपल्या मांड्यांमध्ये पकडायचे.

सुई ढुंगणात द्या असा आग्रह काही आज्या अजून धरतात. लहान मुलांत तिथे लस देत नाहीत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाड स्नायू असतो आणि मोठी नस किंवा रक्तवाहिनी नसते, म्हणून जागा तीच.

“डोस दिलाय, अर्धा तास पाजू नका”

हे वाक्य इतकं रुळलंय की केंद्राच्या बाहेर बसलेली प्रत्येक दुसरी बाई ते सांगते. पोलिओचे थेंब आणि रोटा यांच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजायला कसलीही मनाई नाही. उलट, सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी अंगावरच्या दुधाइतकं सोपं वेदनाशामक दुसरं नाही. कुशी, चोखणं, गोडवा आणि आईचा वास, चारही एकदम मिळतात.

पद्धत अशी. तोंडाचे डोस आधी होऊ द्या. मग बाळाला पाजायला घ्या. नीट पकडून, गिळल्याचा आवाज येईपर्यंत दोन ते पाच मिनिटं जाऊ द्या. पिणं चालू असतानाच सुई द्यायला सांगा. सुई टोचताना बाळ तोंड सोडून रडेल, तर लगेच पुन्हा लावा आणि सुई झाल्यावरही काही मिनिटं पाजत राहा. सुईच्या क्षणी दूध नरड्यात अडकेल अशी भीती घातली जाते, पण त्या भीतीला आधार नाही.

कुठल्या बाजूला पाजायचं? आई डाव्या बाजूला पाजते तेव्हा बाळ उजव्या कुशीवर असतं, म्हणजे त्याची डावी मांडी वर येते. पेंटा डाव्या मांडीत असते, म्हणून अडीच महिन्यांच्या एकुलत्या सुईला डाव्या बाजूला पाजा. पीसीव्ही उजव्या मांडीत, तिला उजवी बाजू सोयीची. दोन्ही मांड्यांत सुई असेल तेव्हा मध्ये बाजू बदलत बसू नका. बाळाचं कंबरेखालचं अंग हलकेच उताणं केलं की खालची मांडीही मिळते आणि तोंड सोडवावं लागत नाही.

उघड्यावर पाजायला संकोच वाटत असेल तर ओढणी किंवा पदर पुरतो. कोपऱ्यातली खुर्ची मागून घ्या.

वरचं दूध पिणाऱ्या बाळाला पाळीच्या वेळी बाटली किंवा वाटी-चमचा चालतो. जन्मानंतरच्या बीसीजी (क्षयाची लस) आणि कावीळ-ब लशीच्या वेळी बाळ आईच्या उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून असेल तर ते लवकर शांत होतं. रुग्णालयांत साखरेचं 24 टक्के द्रावण सुईच्या एक-दोन मिनिटं आधी जिभेवर देतात, 2 मिलीपर्यंत. ते काम करतं, पण जे बाळ अंगावर पितं त्याला घरून साखरपाणी न्यायची गरज नाही. आणि मध तर एक वर्षाच्या आत कुठल्याच कारणासाठी नाही. मधातून बॉट्युलिझम या लुळं पाडणाऱ्या विषबाधेचे जंतू बाळाच्या आतड्यात जाऊ शकतात.

बाळाने थेंब किंवा रोटाचा डोस थुंकला, ओकला, तर तिथल्या तिथे सिस्टरला सांगा. पुन्हा द्यायचा की नाही हे त्या लशीप्रमाणे त्या ठरवतील. घरी येऊन सांगण्यात अर्थ नसतो.

क्रम आणि वेग

कमी त्रासाची आधी, जास्त झोंबणारी शेवटी. म्हणजे तोंडाचे डोस सगळ्यात आधी आणि सुयांमध्ये जी जास्त दुखते ती शेवटी. पहिलीच सुई जास्त दुखली तर पुढच्या प्रत्येक सुईला मूल आधीच ताणलेलं असतं. एफ-आयपीव्ही कातडीत 0.1 मिली एवढीच असते, तरी झोंबते आणि तिथे मसुरीएवढा फुगवटा येतो. तो बसत जातो, दाबू नका.

लस थंड आहे म्हणून दुखते, हातात धरून कोमट करा, अशी मागणी काहीजण करतात. त्याने दुखणं कमी होतं असं दिसलेलं नाही, करू नये. स्पिरिटचा बोळा फिरवला असेल तर मात्र ते वाळेपर्यंत क्षणभर थांबलेलं बरं, ओल्या स्पिरिटवर सुई चरचरते.

सुई झाल्या झाल्या बाळ उभं छातीशी, डोकं खांद्यावर, संथ डोलवणं. जोरात हलवणं, हवेत उडवणं, तीन जणांनी तीन खुळखुळे वाजवणं याने रडं वाढतं. जागेवर कापूस हलका धरायचा, चोळायचं नाही.

दीड वर्षाचं बूस्टर: सगळ्यात अवघड खेप

या वयात मुलाला मागचं आठवतं, पांढरा कोट कळतो, पण समजावलेलं पचत नाही. आदल्या रात्री सांगून उपयोग नाही, रात्रभर रडेल. निघताना “आज सिस्टरमावशीकडे जायचं, सुई आहे, मी तुला मांडीवर घेणार आहे” एवढंच, सरळ आवाजात.

लक्ष वळवायचं ते सुईच्या अर्धा-एक मिनिट आधीपासून. टोचल्यावर खेळणं पुढे केलं तर मूल ते भिरकावून देतं. साबणाचे फुगे, कागदी भिरभिरं, आवडतं बडबडगीत हे सगळं चालतं. फोनवरचा व्हिडिओही चालतो, पण तो घरी डाउनलोड करून न्या. उपकेंद्रात नेटवर्क गेलं की नेमक्या वेळी चक्र फिरत राहतं. फुंकर मारायचे खेळ विशेष उपयोगी. फुंकर म्हणजे लांब श्वास सोडणं, आणि श्वास सोडताना दंड सैल पडतो.

आता जे सर्रास केलं जातं पण अंगलट येतं ते. “हात रे डॉक्टर! बाळाला मारलं? थांब, आपण त्यांना मारू.” मुलाला क्षणभर बरं वाटतं आणि डॉक्टर म्हणजे शत्रू हे पक्कं होतं. “रडलास तर आणखी एक सुई देतील” आणि घरी जेवत नसताना “बोलावू का सुईवाल्या मावशीला?” ही त्याच झाडाची फळं. वर्षभर सुईची धमकी द्यायची आणि सत्राच्या दिवशी मुलाने शांत बसावं ही अपेक्षा करायची, हे जमणारं नाही. आजी-आजोबांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगावं लागतं.

“काही नाही दुखणार” हेही नको. दुखतंच, आणि पुढच्या खेपेला तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. “झालं झालं, एवढंच, अरे बापरे” असा सतत धोशाही मुलाला सांगतो की काहीतरी भयंकर चाललंय. बोलायचंच असेल तर फुग्याबद्दल बोला.

रडता रडता काही मुलं श्वास कोंडतात, ओठ निळे पडतात, क्षणभर गळून जातात. सहा महिन्यांनंतरच्या मुलांत हे दिसतं आणि साधारण मिनिटभरात आपोआप श्वास सुरू होतो. कुशीवर आडवं करा, तोंडात काही घालू नका, हलवू नका, सिस्टरला हाक मारा. असं आधी घरी झालेलं असेल तर सुईच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे गोंधळ उडत नाही.

पाच वर्षं आणि पुढे

पाच वर्षांच्या मुलाला सकाळी किंवा आदल्या दिवशी सांगा. काय होणार, कुठल्या हातावर, किती वेळ. “चिमटा काढल्यासारखं वाटेल, तू दहा मोजेपर्यंत संपेल.” मग त्याला दोन खऱ्या निवडी द्या: डावा हात की उजवा (सिस्टरची हरकत नसेल तर), बघायचं की तोंड फिरवायचं. “घ्यायची का रे सुई?” हा प्रश्न विचारू नका, कारण ‘नाही’ हे उत्तर आपण मानणार नसतो.

दोनदा खोकण्याची युक्ती या वयाला जमते. एकदा सरावाचा खोकला, थोडं थांबून दुसरा खोकला आणि त्याच वेळी सुई. घरी दोन-तीनदा खेळून बघा.

दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाची लस) वेळी अडचण वेगळी असते: चक्कर. मुलगा उपाशीपोटी शाळेतून आलेला, उभ्याने सुई घेतो आणि पाच मिनिटांत कोसळतो. त्याला खाऊन येऊ द्या, बसवून सुई द्या आणि नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. आधी कधी चक्कर आलेली असेल तर आडवं करूनच.

बधिर करणारं मलम

लिडोकेन आणि प्रायलोकेन 2.5-2.5 टक्के असलेलं मलम मिळतं. ते कातडी बधिर करतं. पण लोक आणतात आणि म्हणतात, “काही उपयोग झाला नाही.” कारणं बहुधा तीन. पंधरा मिनिटं आधी लावलेलं असतं, लागतो एक तास. चोळून जिरवलेलं असतं, ठेवायचा असतो जाड थर, वर पारदर्शक पट्टी. आणि लावलेलं भलत्याच जागी असतं. कुठली सुई कुठे, ते वर दिलंय.

मात्रेला मर्यादा आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एकूण 1 ग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि एका तासापेक्षा जास्त वेळ नाही. प्रायलोकेनमुळे लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. त्यामुळे बाळांसाठी डॉक्टरांना विचारूनच, आणि बीसीजीच्या जागी लावायचं नाही. आमचं मत विचाराल तर हे मलम पाच वर्षांच्या घाबरट मुलासाठी पैसे वसूल करतं. दीड महिन्याच्या बाळाला दूध पुरतं.

“पेनलेस घेतली तरी रडलाच”

खासगी दवाखान्यात ‘पेनलेस’ म्हणून जी लस मिळते तिची सुई तेवढीच दुखते. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात असतो. सरकारी पेंटा आणि डीपीटीत त्या जंतूची मारलेली अख्खी पेशी असते, ‘पेनलेस’मध्ये तिचे निवडक शुद्ध घटक. त्यामुळे नंतरचा ताप आणि सूज कमी. पण अख्ख्या पेशीच्या लशीने मिळणारं डांग्या खोकल्याचं संरक्षण जास्त काळ टिकतं. केवळ एक रात्र शांत जावी म्हणून हजारो रुपये घालण्याआधी हे तोलून बघा.

ताप: कधी अपेक्षित, औषध किती

पेंटा आणि डीपीटीचा ताप त्याच दिवशी संध्याकाळी-रात्री चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाचा ताप लगेच येत नाही. तो साधारण पाच ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळ घेऊन. तेव्हा लस विसरलेली असते आणि घरात धावपळ होते.

सुईच्या आधीच पॅरासिटामॉल पाजून नेऊ नका. त्याने टोचण्याचं दुखणं कमी होत नाही. शिवाय झेक प्रजासत्ताकातल्या 2009 च्या अभ्यासात, लशीबरोबर ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत काही लशींची प्रतिपिंडं कमी तयार झालेली दिसली. ताप चढला किंवा दुखण्याने बाळ कासावीस झालं की मग द्या. (ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: तिथे मेनिन्जायटिस-बीच्या लशीनंतर लहान बाळांना पॅरासिटामॉल द्यायला आरोग्यसेवाच सांगते. तिथलंच ऐका, गावाकडच्या फोनवरचं नाही.)

मात्रा वजनावर: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. आता बाटलीकडे नीट बघा, कारण घोळ तिथेच होतो. साडेचार किलोच्या बाळाला 60 मिलिग्रॅम द्यायचंय असं धरू. 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे ते 0.6 मिली होतात. 5 मिलीत 125 असलेल्या सिरपचे 2.4 मिली. 5 मिलीत 250 असलेल्या सिरपचे 1.2 मिली. थोरल्या मुलाला सिरप “अर्धा चमचा” दिलं म्हणून धाकट्याला ड्रॉप्स अर्धा चमचा दिले, तर ते अडीचशे मिलिग्रॅम होतात, म्हणजे चौपट. 500 च्या गोळीचा ‘पाव तुकडा’ म्हणजे 125 मिलिग्रॅम, तेही या बाळाला दुप्पट. म्हणून केंद्रातून निघताना “किती मिली?” एवढं विचारून थांबू नका. बाटली दाखवा, त्या दिवशीचं वजन सांगा आणि आकडा कार्डावर लिहून घ्या. द्यायचं ते ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या आतून. घरातल्या चमच्याने मोजू नये, प्रत्येक चमचा वेगळा असतो.

अ‍ॅस्पिरिन मुलांना नाही. सहा महिन्यांच्या आत आयब्युप्रोफेनही नाही. तापात बाळाला गुंडाळून ठेवू नका, पातळ झबलं घाला आणि वारंवार पाजा.

मांडीची सूज, गाठ आणि बीसीजीचा फोड

लाली, कडकपणा आणि हात लावला की रडणं, हे एक-दोन दिवस चालतं. साध्या पाण्यात पिळलेला कपडा घडी करून दहा मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाचदा. बर्फ थेट लावायचा नाही, गरम शेक नाही, हळद-चुन्याचा लेप नाही. “चोळलं नाही तर गाठ राहील” हे उलटं आहे, चोळल्याने सूज वाढते. अंघोळ चालते. मालिशवाल्या मावशींना तेवढी मांडी दोन-तीन दिवस वगळायला सांगा. न दुखणारी वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे राहू शकते, तिला काही करायचं नाही. लाली पसरत गेली, जागा गरम-टणक झाली, पू दिसला तर दाखवा.

बीसीजीचं वेगळं. डाव्या दंडावर दोन-तीन आठवड्यांनी पुटकुळी येते, हळूहळू वाढते, फुटते, खपली धरते आणि काही आठवड्यांनी व्रण उरतो. हे सगळं ठरल्याप्रमाणे आहे. मलम, पावडर, तेल, पट्टी काही नको. काखेत गाठ मोठी होत असेल तर डॉक्टरांकडे जा.

थांबायचं नाही, निघायचं

सुईनंतर अर्धा तास केंद्रातच बसायचं ते याचसाठी: अंगावर गांधी उठणं, चेहरा-ओठ सुजणं, श्वासाला त्रास, बाळ एकदम पांढरं पडून गळणं. हे दुर्मिळ आहे, पण होतं तेव्हा मिनिटं मोजावी लागतात आणि औषध सिस्टरजवळ असतं. रिक्षा थांबलीय म्हणून पाच मिनिटांत निघू नका.

घरी गेल्यावर पुढचं काही दिसलं तर लगेच दवाखाना, वाहन नसेल तर 108: तीन तासांहून जास्त सलग, कशानेच न थांबणारं रडणं, झटका, हाक मारूनही न उठणारं, लुळं पडलेलं बाळ, पिणं बंद, 102 फॅरनहाइटच्या वर चढणारा ताप. रोटाच्या डोसानंतर पहिल्या आठवड्यात रडण्याचे झटके येऊन बाळ पाय पोटाशी घेत असेल, सारखं ओकत असेल, शीमध्ये रक्त दिसलं, तर आतडं आतड्यात सरकल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी पोटदुखीचं घुटी-ओवा करत बसू नये. 48 तासांनंतरही ताप राहिला तर तो पेंटाचा म्हणून सोडून देऊ नका, दुसरं कारण शोधावं लागेल.

“सर्दी होती म्हणून पुढे ढकललं”

साधी सर्दी, खोकला, बारीक ताप, दात येणं, जुलाबाचं औषध चालू असणं, यांतल्या कशानेही लस थांबत नाही. सिस्टरला सांगा, ठरवू द्या. तारीख चुकली तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे, पेंटाच्या दोन मात्रांत किमान चार आठवडे ठेवून. पण रोटा आणि पेंटाची सुरुवात वर्षाच्या आतच करावी लागते, म्हणून “मोठा झाला की सगळ्या एकदम” हा बेत फसतो.

मागच्या खेपेला झटका, तासन्‌तास रडणं किंवा अंगावर गांधी असं काही झालेलं असेल, तर ते माता व बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहून घ्या: कुठल्या लशीनंतर, किती तासांनी, किती वेळ. पुढच्या वेळी सिस्टर दुसरी असली तरी बाळाला मांडीवर घेण्याआधी कार्ड तिच्या हातात द्या आणि त्या ओळीवर बोट ठेवा.